आठशे मीटरसाठी आठवड्याला शंभर मैल? पीटर स्नेल खरंच काय करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय १९, ८०० मीटरला १:५८ (१ मिनिट ५८ सेकंद), ४०० मीटरला ५१.५ सेकंद. पीटर स्नेल आठवड्याला १६० किलोमीटर धावायचा असं वाचलंय. आमचे सर म्हणतात की आठशे म्हणजे लांबवलेली स्प्रिंट, लाँग रननं पाय जड होतात. मग खरं कोणाचं? आणि स्नेलबद्दल जरा सविस्तर सांगा.

आधी उत्तर देतो, मग कहाणी. न्यूझीलंडचा स्नेल, तीन ऑलिंपिक सुवर्णांचा मानकरी, आठवड्याला शंभर मैल (तेच १६० किलोमीटर) धावायचा हे खरं आहे. पण ते वर्षातले ठरावीक आठवडेच, आणि त्यानंतर तो जे करायचा ते फारसं कोणी सांगत नाही. तू आत्ता तेवढं धावायचं नाहीस. आणि तुझे सर पूर्ण चुकीचे आहेत असंही समजू नकोस. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात पोराला लांब पळवलं तर पाय जड होतातच. सगळी भानगड वेळापत्रकात आहे.

मिडल डिस्टन्सची, म्हणजे आठशे-पंधराशेची पोरं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आपल्याकडे बहुतेकांची या अंतराशी पहिली गाठ पोलीस भरतीच्या १६०० मीटरमुळे पडते. पोरगं रोज पहाटे मैदानावर येतं, घड्याळ लावून १६०० फुल मारतं, वेळ लिहून ठेवतं आणि घरी जातं. पहिले दोन महिने वेळ झपाट्यानं उतरते, मग अडते ती अडतेच. तो सराव नसतो, रोजची परीक्षा असते. आठशेवाल्यांचंही तसंच चालतं, फक्त तिथं रोज दोनशे-तीनशेचे रिपीट असतात, म्हणजे तेच अंतर थांबून थांबून पुन्हा पुन्हा जोरात पळणं. म्हणून स्नेलची गोष्ट मी पोरांना नीट, पायरीपायरीनं सांगतो. 'शंभर मैल' एवढंच ऐकून गेलेलं पोरगं महिन्याभरात नडगी धरून परत येतं.

पीटर जॉर्ज स्नेलचा जन्म १७ डिसेंबर १९३८ चा. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात समुद्राकाठी ओपुनाके नावाचं छोटं गाव आहे, तिथला. पुढे घर ते आरोहाला हललं, आणि शाळेसाठी तो ऑकलंडच्या माउंट अल्बर्ट ग्रामरच्या बोर्डिंगात गेला. मैदानावरचा एकही खेळ त्यानं सोडला नाही. रग्बी, क्रिकेट, टेनिस सगळं खेळला, आणि टेनिस तर ज्युनियर गटाच्या मोठ्या स्पर्धांत उतरण्याइतकं बरं खेळायचा. धावण्यावरच लक्ष द्यायचं असं त्यानं ठरवलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा. दहाव्या वर्षी पोराला 'आठशेचा खेळाडू' करून टाकणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

दिसायला तो धावपटू वाटायचाच नाही. लांबपल्ल्याची माणसं काटकुळी असतात, हा रुंद खांद्यांचा, दणकट मांड्यांचा, जवळजवळ ऐंशी किलोचा. चारशे मीटरमध्येही तो काही जागतिक दर्जाचा नव्हता. पण मैल धावणाऱ्यांच्या घोळक्यात त्याचा वेग उठून दिसायचा, आणि तो नेमका दिसला आर्थर लिडियार्डला.

या लिडियार्डकडे कोचिंगची पदवी वगैरे काही नव्हती. बुटांच्या कारखान्यात काम करायचा, मध्यंतरी पहाटे घरोघर दूधही टाकायचा. विशी सरताना एकदा मित्राबरोबर पाच-सहा मैल पळताना दम लागला आणि मग त्यानं स्वतःवरच प्रयोग सुरू केले. कधी आठवड्याला थोडं, कधी अफाट, असं करत करत वर्षानुवर्षं काय झेपतं आणि कशानं वेळ उतरते हे तो पाहत राहिला. १९५० च्या ऑकलंडच्या एम्पायर गेम्समध्ये (आताचे कॉमनवेल्थ खेळ) तो न्यूझीलंडकडून मॅरेथॉन धावला. मग ओवायराका या उपनगरातली आसपासची पोरं त्याच्याबरोबर पळायला लागली. त्यात मरे हॅलबर्ग होता, रग्बीत डावा हात कायमचा निकामी झालेला. बॅरी मॅगी होता, बिल बेली होता, आणि मागाहून आलेला स्नेल. यातल्या तिघांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पदकं आणली: स्नेलला आठशेत सुवर्ण, हॅलबर्गला पाच हजारात सुवर्ण, मॅगीला मॅरेथॉनमध्ये ब्राँझ. एका शहरातल्या एका माणसाच्या हाताखालची ही पोरं, आणि तिघांनीही पाया सारखाच घातलेला. आठशेवाला आणि मॅरेथॉनवाला रविवारी एकाच वाटेनं पळायचे!

ती वाट म्हणजे वायटारुआ. ऑकलंडच्या पश्चिमेला वायटाकेरे डोंगररांग आहे, तिच्यावरून चढत-उतरत फिरून येणारी २२ मैलांची, म्हणजे ३५ किलोमीटरची फेरी. दर रविवारी. बाकीच्या दिवशी दहा मैल, पंधरा मैल, कधी अठरा, अशा बेरजेनं आठवड्याचे शंभर मैल भरायचे.

इथं दोन गोष्टी नीट समजून घे, कारण सगळे इथंच घसरतात. पहिली म्हणजे हे रमतगमत पळणं नव्हतं. गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, अशा बऱ्यापैकी नेटाच्या चालीनं ते पळायचे. 'लिडियार्ड म्हणजे हळूहळू लांब पळणं' ही समजूत मागाहून पसरली, त्याच्या नावावर चिकटली, आणि तो आयुष्यभर ती खोडत राहिला. दुसरी म्हणजे हा पाया साधारण दहा-बारा आठवड्यांचा. त्यानंतर काही आठवडे टेकडी: चढावर उड्या मारल्यासारखं, गुडघे उचलून, घोट्यातून जोर काढत पळायचं. त्यानंतर कुठे ट्रॅक. ट्रॅकवरही फेस येईपर्यंतचं काम चार-पाच आठवड्यांपुरतंच, कारण ते जास्त केलं तर आधी कमावलेलं जातं असं त्याचं ठाम मत होतं. शेवटी मायलेज, म्हणजे आठवड्याचं एकूण अंतर, उतरवून, स्पर्धेच्या चालीचे छोटे तुकडे करून पाय मोकळे करायचे. शंभर मैल ही पहिली पायरी होती. तुझ्यापर्यंत पोहोचली ती तेवढीच.

आता रोम. २१ वर्षांचा स्नेल तिथं गेला तेव्हा न्यूझीलंडबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. विश्वविक्रम बेल्जियमच्या रॉजर मोन्सचा होता, १:४५.७. प्रवेश इतके आले होते की आठशेच्या चार फेऱ्या झाल्या: पहिल्याच दिवशी, ३१ ऑगस्टला दोन, दुसऱ्या दिवशी उपांत्य, तिसऱ्या दिवशी अंतिम. तीन दिवसांत चार वेळा आठशे, तेही दर वेळी बाहेर पडण्याची टांगती तलवार. माझ्या मते स्नेलचं सुवर्ण या वेळापत्रकातच ठरलं. लोक दर फेरीनंतर थोडे थोडे संपत गेले. हा आठवड्याला शंभर मैल मुरवून आलेला. याला चौथ्या वेळीही पहिल्या वेळेसारखेच पाय होते.

अंतिम शर्यत जमलं तर एकदा पाहा. सहा जण. स्वित्झर्लंडचा वेगली पुढे काढतो आणि जवळजवळ शेवटच्या वळणापर्यंत पुढेच राहतो. सरळ रेषेवर आल्यावर मोन्स आघाडी घेतो. शर्यत त्याची आहे असं त्यालाही वाटतं, आणि तो मान वळवून पाहतो, उजवीकडे, बाहेरच्या बाजूला, कारण मागून येणारा तिथूनच येणार. स्नेल आतून आला, कडेच्या रिकाम्या जागेतून. शेवटच्या पावलांना त्यानं डोळे मिटून अंग झोकून दिलं आणि आपण जिंकलो हे त्यालाच कळलं नाही. मोन्सला विचारलं, तेव्हा मोन्सनं सांगितलं की तू. १:४६.३, मोन्स १:४६.५. पाऊण-एक तासात त्याच मैदानावर हॅलबर्गनं पाच हजार जिंकली.

मोन्सनं चुकीच्या बाजूला पाहिलं म्हणून हरला, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. जोरात गेलेल्या आठशेच्या शेवटच्या साठ मीटरमध्ये सहसा कुणीही वेग वाढवत नाही, सगळे मंदावतच असतात. जो कमी मंदावतो तो 'फिनिश मारतोय' असं दिसतं. स्नेल त्या दिवशी सगळ्यांत कमी मंदावला. तुझ्या शर्यतीतही शेवटच्या शंभरात पुढून जाणारा पोरगा तुझ्याहून वेगवान आहे असं समजून तू शंभर मीटरचे स्टार्ट मारत बसत असशील, तर तुझं निदानच चुकलेलं आहे.

१९६१ च्या डिसेंबरात स्नेलनं पूर्ण मॅरेथॉन मारली, २ तास ४१ मिनिटांच्या आसपास. आठशेचा ऑलिंपिक विजेता, आणि मॅरेथॉन! त्यानंतर दोनेक महिन्यांतच, २७ जानेवारी १९६२ ला, वांगानुईच्या कुक्स गार्डन्सवर त्यानं मैलाचा विश्वविक्रम केला: ३:५४.४. आधीचा ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटचा ३:५४.५ होता, म्हणजे एक दशांश सेकंदानं मोडला. आठवड्यानं, ३ फेब्रुवारीला, क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर एकाच धावेत दोन विक्रम केले. ८०० मीटर १:४४.३, आणि तसंच पुढे जात ८८० यार्ड १:४५.१. मोन्सचा विक्रम त्यानं तब्बल १.४ सेकंदांनी खाली आणला. आठशेत दशांशासाठी माणसं वर्षं घालवतात.

आणि हे सगळं गवतावर. दोन्ही मैदानांचे ट्रॅक गवताचे होते. सिंथेटिकवर स्पाइक टेकला की पाऊल परत फेकलं जातं, गवत त्यातलं बरंच गिळून टाकतं. ऐंशी किलोचा माणूस असेल तर आणखीच. त्या १:४४.३ ची किंमत बघ: सिडनी २००० चं आठशेचं सुवर्ण १:४५.०८ ला गेलं, अथेन्स २००४ चं १:४४.४५ ला, बीजिंग २००८ चं १:४४.६५ ला, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियोचं १:४५.०६ ला. मान्य, ऑलिंपिकच्या अंतिम शर्यती डावपेचांच्या असतात, तिथं वेळेसाठी कोणी पळत नाही. तरीही. न्यूझीलंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून ती वेळ २०२४ पर्यंत टिकली, बासष्ट वर्षं. मग जेम्स प्रेस्टननं ती मोडली.

आपल्याकडचा हिशेब याच्या शेजारी मांडून बघ. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आपले श्रीराम सिंग पहिला लॅप ५०.८५ ला घेऊन सगळ्यांच्या पुढे होते. त्या वेगाच्या जोरावर क्यूबाच्या हुआंतोरेनानं १:४३.५० चा विश्वविक्रम केला. श्रीराम सिंग १:४५.७७ मध्ये सातवे आले, आणि ती वेळ भारतात २०१८ पर्यंत कुणाला मोडता आली नाही, जिन्सन जॉन्सन १:४५.६५ धावेपर्यंत. १:४५ च्या आत भारतीय माणूस गेला तो थेट २०२५ मध्ये, मोहम्मद अफसल, १:४४.९३. आता स्नेलच्या विक्रमाचा पहिला लॅपही साधारण ५१ चाच होता. म्हणजे चारशेला दोघं बरोबरीत. दुसरा लॅप स्नेलचा ५३ च्या वर थोडा, श्रीराम सिंगांचा जवळजवळ ५५. एकाची ठरवून केलेली विक्रमाची धाव, दुसऱ्याची ऑलिंपिकमधली तिसरी फेरी, तेव्हा तुलना काट्यावर तोलू नकोस. पण आठशेचा निकाल बहुतेक वेळा दुसऱ्या लॅपमध्ये लागतो, एवढं त्यातून दिसतं. केनियाच्या डेव्हिड रुडिशाच्या २०१२ च्या विश्वविक्रमी १:४०.९१ चेही तुकडे ४९.२८ आणि ५१.६३ असेच पडतात. पहिला लॅप जोरात जाणारच. दुसऱ्यात किती सांडतं ते दमसासावर आहे.

१९६२ च्या अखेरीला पर्थच्या कॉमनवेल्थ खेळांत त्यानं ८८० यार्ड आणि मैल दोन्ही जिंकले. मग टोकियो १९६४. तिथं आठशे आणि पंधराशे दोन्हीत उतरला. १४ ऑक्टोबरपासून आठ दिवसांत सहा शर्यती, सिंडर म्हणजे दाबून बसवलेल्या भुकटीच्या ट्रॅकवर, कारण सिंथेटिक ऑलिंपिकमध्ये आलं ते पुढच्या वेळी मेक्सिकोत. आठशेच्या अंतिम शर्यतीत तो दुसऱ्या लॅपला आत कोंडला गेला. घाबरून धक्काबुक्की करण्याऐवजी जरा मागे आला, बाहेरून वळसा घातला आणि मागच्या सरळ रेषेवरच सगळ्यांना ओलांडून गेला. १:४५.१, ऑलिंपिक विक्रम. कॅनडाचा क्रॉदर्स दुसरा. तिसरा विल्सन किपरुगुट, आणि ते केनियाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. पाच दिवसांनी पंधराशे, ३:३८.१, दुसऱ्यापेक्षा दीड सेकंद पुढे. १९२० मध्ये इंग्लंडच्या अल्बर्ट हिलनं ही जोडी जिंकली होती, त्यानंतर स्नेल. पुरुषांत त्याच्यानंतर आजवर कोणालाही ती एका ऑलिंपिकमध्ये साधलेली नाही. ब्रिटनच्या सेबॅस्टियन कोनं दोन ऑलिंपिक पंधराशे जिंकली आणि दोन्ही वेळा आठशेत रौप्यावर थांबला.

महिन्याभरात ऑकलंडला त्यानं १००० मीटर २:१६.६ आणि मैल ३:५४.१ असे आणखी दोन विश्वविक्रम केले. आणि मग माणूस संपलाच. १९६५ चा परदेश दौरा त्याला नको झाला होता. पाया घालायला वेळ मिळाला नव्हता, शर्यती तर लागोपाठ. अमेरिकेत जिम रायन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं त्याला मैलात हरवलं. स्नेलनं सव्विसाव्या वर्षी बूट उतरवले. हौशी खेळाडूंचा जमाना होता, धावून पैसे मिळत नसत. रोमला गेला तेव्हाही तो बांधकामाच्या मोजमाप-अंदाजपत्रकाच्या कामाची उमेदवारी करत होता. नंतर नोकरी मिळाली ती रॉथमन्स या सिगारेट कंपनीत, खेळाच्या प्रसिद्धीचं काम. जगातल्या सगळ्यांत दमदार फुप्फुसांच्या माणसाला तंबाखूवाल्यांनी पगार दिला, असा तो काळ.

त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग मला पदकांपेक्षा जास्त आवडतो. पस्तिशीच्या आसपास हा माणूस अमेरिकेला जाऊन पोरांच्या बाकावर बसला. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून व्यायाम-शरीरशास्त्रात डॉक्टरेट. १९८१ पासून डॅलसच्या टेक्सस विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरमध्ये संशोधन, आणि मग उरलेलं आयुष्य तिथंच. लिडियार्डनं अंदाजानं, पायांनी शोधलेली गोष्ट का चालते, ते त्याला पाहायचं होतं.

आणि इथं तुझ्या सरांच्या शंकेला उत्तर मिळतं. स्नायूत ढोबळमानानं दोन जातींचे तंतू असतात, सावकाश आकसणारे स्लो-ट्विच आणि झटकन आकसणारे फास्ट-ट्विच. सावकाश पळताना शरीर स्लो-ट्विचवरच भागवतं. मग आठशेवाल्याच्या कामाच्या फास्ट-ट्विच तंतूंना लाँग रनचा उपयोग काय, हा सरांचा प्रश्न रास्तच आहे. पण दीड-दोन तास बऱ्यापैकी चालीनं पळालास की स्लो-ट्विच तंतूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, संपत येतं. पंगतीत वाढपी दमले की घरची मंडळी कमरेला पदर खोचून वाढायला उठतात, तसे मग फास्ट-ट्विच तंतू कामाला लागतात, आणि तेही दम टिकवायला शिकतात. स्नेल लाँग रनचं समर्थन करायचा ते या मुद्द्यावर, आणि म्हणूनच त्या रनची शेवटची अर्धी-पाऊण तासाची मजल महत्त्वाची. चाळीस मिनिटांत घरी परतणाऱ्याला ती मिळतच नाही.

दुसरा हिशेब ऊर्जेचा. आठशे मीटरच्या ऊर्जेतला साधारण साठ-पासष्ट टक्के वाटा ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेचा असतो, पंधराशेत तो ऐंशीच्या पुढे जातो. जुन्या पुस्तकांतले तक्ते आठशेला निम्म्याहून कमी दाखवायचे. 'लांबवलेली स्प्रिंट' हे त्या तक्त्यांचं अपत्य.

हाच एक रस्ता आहे असं मात्र नाही. सेबॅस्टियन कोच्या वडिलांनी, पीटर कोंनी, मुलाला मायलेज आवरतं ठेवून आणि वेगाचं काम वर्षभर चालू ठेवून तयार केलं, आणि तो १९८१ मध्ये १:४१.७३ धावला. चारशेकडून आठशेत आलेला पोरगा आणि पंधराशेकडून आलेला पोरगा यांना एकच पथ्य लागू पडत नाही. आपल्या मातीतली उदाहरणं लांबून जवळ आलेल्यांची आहेत. साताऱ्याची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग जिंकून मग ३००० मीटर स्टीपलचेजकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) वळली आणि रिओला अंतिम फेरीत दहावी आली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेजमध्ये ८:०९.९१ धावलाय, आणि त्याच पायांनी हाफ मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत. तीन हजार आणि आठशे यांत फरक आहेच, मी दोन्ही एका मापानं मोजत नाही.

आता तुझं. चारशेची वेळ दुप्पट कर आणि त्यात दहा ते बारा सेकंद घाल, की नीट तयार झालेल्या धावपटूची आठशेची वेळ साधारण निघते. तुझे ५१.५ चे झाले १०३, म्हणजे १:५३ ते १:५५ तुझ्या पायांत आत्ताच आहे. तू १:५८ धावतोस. पंधरा सेकंदांचा फरक. वेग कमी नाही तुझा, वेग टिकत नाही. उलट तू ५४ चा असतास आणि १:५८ धावत असतास, तर मी तुला लाँग रन सोडून दोनशेच्या कामाला लावलं असतं.

तुझा आठवडा आत्ता तीस-पस्तीस किलोमीटरचा असेल असं धरतो. बारा आठवड्यांत तो साठ-पासष्टपर्यंत ने, दर चौथा आठवडा हलका ठेवून. स्नेल आठवड्याला शंभर मैल पळायचा तेव्हा त्याच्याबरोबर हॅलबर्गसारखी पोरं होती, पायाखाली डोंगर होते आणि हवा थंड होती. तुझ्या नशिबी डांबर आणि एप्रिलचं ऊन. म्हणून किलोमीटरपेक्षा मिनिटं मोज. रविवारी पन्नास मिनिटांपासून सुरू करून दीड तासापर्यंत जा. पूर्ण वाक्य बोलता येईल पण बोलावंसं वाटणार नाही, ती चाल. पाया घालायला आपल्याकडे पावसाळ्यासारखा काळ नाही. मैदानावर चिखल असतोच, तेव्हा ट्रॅकचं काम तसंही होत नाही. कडेची मुरुमाची वाट शोध, डांबरावर अगदी निरुपाय झाला तरच. घाट जवळ असेल तर सोनं. साताऱ्याची पोरं यवतेश्वरच्या चढाला लागतात ती उगाच नाही.

पाय जड होऊ नयेत म्हणून या बारा आठवड्यांतही आठवड्यातून दोनदा आठ-आठ स्ट्राइड्स ठेव, म्हणजे शंभर मीटरच्या वेगवान पण सैल अंगाच्या धावा. सरांची भीती त्यानंच जाते. मग चार आठवडे चढ: पहिले काही दिवस सहा वेळा, मग दहा वेळा, प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद जोरात वर, खाली चालत यायचं. लिडियार्डच्या उड्या लगेच मारू नकोस, टाचेच्या वरची शीर धरते. त्यानंतर ट्रॅक सरांच्या हाती. ६०० चे तीन, ३०० चे जोड, स्पर्धेच्या चालीचे २००. ते तुझ्या सरांना माझ्याहून चांगलं येत असणार.

नडगीच्या आतल्या कडेला बोटानं दाबून एकाच ठिकाणी दुखलं तर त्या दिवशी पळणं बंद. 'धावून मोकळं होईल' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नकोस, ते हाडापर्यंत जातं. मायलेज वाढवण्याआधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. आपल्याकडची कितीतरी पोरं, विशेषतः मुली, लोह कमी असताना पळत राहतात आणि सराव वाढवला की वेळ वाढते म्हणून रडतात.

आणि सरांना न सांगता पहाटे चोरून लाँग रन करू नकोस. तू सकाळी वीस किलोमीटर मारून येशील, संध्याकाळी ते तुला ३०० चे रिपीट देतील, तुझे पाय उचलणार नाहीत आणि त्यांना कारण कळणार नाही. मग त्यांचंच खरं ठरेल. आज एक १२०० मीटर फुल मारून वेळ त्यांच्यासमोर लिहून ठेव, त्यांच्याकडून पावसाळ्याचे बारा आठवडे मागून घे, आणि संपल्यावर त्याच ट्रॅकवर, तशाच हवेत पुन्हा १२०० मार. वेळ चार-पाच सेकंदांनीही उतरली नाही, तर सरांच्या पद्धतीनं पुढे जा, माझी हरकत नाही.